पाच जणांचा एकच रविवार

प्रश्न : मी नाशिकला राहते. वय 43, नोकरी करते. घरात नवरा, दहावी झालेला मुलगा, दहा वर्षांची मुलगी आणि गुडघेदुखीनं बेजार सासूबाई. आठवडाभर कुणाचं कुणाशी धड बोलणं होत नाही, म्हणून रविवारी सगळ्यांनी मिळून काहीतरी करावं असा माझा हट्ट असतो. वॉटर पार्क झालं, मॉल झाला, त्र्यंबकेश्वर झालं. दर वेळी कुणीतरी रुसतंच. मुलगा मित्रांबरोबर पहाटे उठून पांडवलेणी चढतो, आमच्याबरोबर निघायचं म्हटलं की 'बोअर'. नवरा अंबडच्या कंपनीत शिफ्टमध्ये. त्याला झोप हवी असते, उठला की जुनी स्कूटर खोलून बसतो. सासूबाई मोबाइलवर एकट्याच पत्ते खेळतात. आता दिवाळीत महाबळेश्वरचं बुकिंग करावं म्हणते. करू का?
– एक वैतागलेली आई

उत्तर : ताई, घरात कुणाला काय आवडतं हे तुम्ही स्वतःच लिहून पाठवलंय, फक्त तक्रारीच्या सुरात. लेणी, स्कूटर, पत्ते. आणि तुम्ही या मंडळींना वॉटर पार्कला नेता!

पाचही जणांनी एकाच वेळी, एकाच गोष्टीत रमावं हा हट्ट आधी सोडा. दहा वर्षांच्या मुलीला पाण्यात डुंबायचंय आणि सासूबाईंना चार पायऱ्या उतरवत नाहीत. दोघींना सारखंच आवडेल असं ठिकाण नाशिकमध्ये काय, कुठंच सापडायचं नाही. दोघादोघांच्या जोड्या करा. आणि त्यांना तुमच्या कार्यक्रमाला बोलावण्यापेक्षा तुम्हीच त्यांच्या कार्यक्रमात जा.

सुरुवात सासूबाईंपासून करा, कारण ते सगळ्यात सोपं आहे. पत्त्यांचा खरा जोड आणा, मोबाइल बाजूला राहू दे. पहिल्या रविवारी बदाम सात, म्हणजे धाकटीलाही लगेच जमेल. मग मेंढीकोट. चार भिडू, प्रत्येकी तेरा पानं, समोरासमोरचे एका बाजूचे, आणि सगळी धडपड त्या चार दश्शांसाठी. नियम सासूबाईंनाच शिकवू द्या. हुकूम ठरवायचा कसा, बंद हुकूम की कट हुकूम, यावर त्यांचं मत ठाम असणार, तिथे मध्ये पडू नका. नातवाला त्यांचा भिडू करा. घरात सगळ्यांना सांभाळून घ्यावं लागणाऱ्या बाईला नातवाच्या जोडीनं चारही दश्शे जिंकून सुनेवर किंवा मुलावर कोट चढवायला मिळाला, तर गुडघे थोडा वेळ विसरले जातील. (नवरा-बायकोनं मात्र शक्यतो एका बाजूला बसू नये. वाया गेलेला हुकूम बुधवारपर्यंत पुरतो.) तुम्ही पाच, भिडू चार. उरलेल्यानं चहा करायचा, आणि तो उरलेला दर वेळी तुम्हीच असता कामा नये.

मुलाचं थोडं नाजूक आहे. मित्रांबरोबर तो जातो ते मित्रांसाठी, हे मनाला लावून घेऊ नका. एखाद्या पहाटे 'मला घेऊन चल' एवढंच म्हणा. डबा, टोपी, सनस्क्रीनची यादी नको. वाटाड्या तो, मागून चालणाऱ्या तुम्ही. दम लागला तर लागू द्या, त्याला थांबावं लागणं चांगलंच. तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात गौतमी बलश्रीचा शिलालेख आहे. सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णी गेल्यावर, नातू पुळुमावीच्या राज्यात, त्या आईनं आपल्या मुलाचं कौतुक दगडात कोरून घेतलं. मुलाला सांगण्यासारखी गोष्ट आहे. फक्त त्यावरून अकरावीच्या अभ्यासावर येऊ नका, नाहीतर ही वारी पहिली आणि शेवटची ठरेल.

नवऱ्याला झोपू द्या. शिफ्ट करणाऱ्या माणसाला रविवारी सकाळी सातला उठवून 'मजा करू या' म्हणणं ही मजा नव्हे. स्कूटर खोलल्यावर धाकटीला पाने-पक्कड द्यायला बसवा. हात काळे होतील, फ्रॉक खराब होईल. दुपारी काय केलं ते ती तुम्हाला जेवताना सांगेल, आणि तुम्हाला हवं होतं ते बोलणं तिथं आपोआप होईल.

सगळ्यांनी मिळून जायचंच, तर महिन्यातून एकदा पुरे. थंडीत नांदूरमधमेश्वरच्या पक्षी अभयारण्यात जा. महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून ते 2020 मध्ये जाहीर झालं. तुमच्याच जिल्ह्यात, निफाड तालुक्यात आहे. पहाटे निघा, दुर्बीण एकच न्या. एक दुर्बीण असली की आळीपाळी करावी लागते आणि 'काय दिसलं?' असं एकमेकांना विचारावं लागतं. सासूबाईंसाठी घडीची खुर्ची न्या, सावलीत बसूनही पाण्यावरचे वारकरी आणि चक्रवाक हे पक्षी दिसतात.

एक गोष्ट मात्र खटकली. एवढ्या पत्रात तुम्हाला स्वतःला काय आवडतं, त्याचा एक शब्द नाही. कालिदास कलामंदिरात नाटक पाहायचंय? मैत्रिणीबरोबर भटकायचंय? नुसतं पडून राहायचंय? यातला एखादा रविवार तुमचा असू दे. त्या दिवशी बाकीचे चौघे मिसळ खायला जाऊ शकतात. मिसळीवर नाशिककर रुसत नाहीत.

महाबळेश्वरचं बुकिंग आत्ता करू नका. दिवाळीच्या गर्दीत पॉइंट बघत फिरायचं, तर सासूबाईंचा बराच वेळ गाडीतच जाईल. आधी घरात विचारा. सगळ्यांनी हो म्हटलं, तर खर्चाचा आकडा सांगून हॉटेल शोधण्यापासून सगळं मुलावर सोपवा. त्यानं निवडलेली खोली तुम्हाला आवडली नाही, तरी परत येईपर्यंत तोंडातून अवाक्षर काढू नका.