पत्रे, विहीर आणि वाडी: वादळानंतरच्या शंका

3 जून 2020 ला 'निसर्ग' चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्याला धडकलं आणि घाट चढून मुळशी-मावळातली घरं, पॉलिहाऊसही मोडून गेलं. अरबी समुद्रातल्या वादळांचा एक हंगाम मे-जूनचा. त्यामुळे पुण्यात राहणाऱ्या आणि कोकणात किंवा मावळात घर असणाऱ्या वाचकांचे याच सुमारास आलेले प्रश्न एकत्र घेतले आहेत.

'निसर्ग'मध्ये श्रीवर्धनजवळच्या घराचे पत्रे उडाले. पावसाच्या तोंडावर घाईने नवे बसवले. पुढच्या वादळात टिकतील का? (कोथरूड)

पत्रा फाटतो कमी, सुटतो जास्त. वारा छपरावरून वेगाने जाताना पत्र्याला वर खेचतो आणि ही ओढ पागोळीची कड, कोपरे आणि आढं इथे सगळ्यात जास्त असते. घाईच्या कामात हूक मात्र सगळीकडे सारख्याच अंतरावर मारलेले असतात. मध्यभागी तीन-चार उंचवटे सोडून एक हूक असेल, तर कडेला आणि आढ्याला एकाआड एक उंचवट्यावर हवा. भोक उंचवट्यावरच पाडायचं, खोलगट भागातलं भोक गळणारच. नटाखाली लोखंडी वॉशर आणि त्याखाली डांबरी किंवा रबरी वॉशर. नट फार आवळला तर पत्रा दबतो, रबर चिरतं. सैल राहिला तर पत्रा फडफडतो, भोक लांबट होत जातं आणि पुढच्या वाऱ्यात हूक तिथून निसटतो. खारी हवा हूक आतून खाते, म्हणून दर मेमध्ये शिडी लावून प्रत्येक हूक हाताने हलवून बघा.

एवढं करूनही वासे भिंतीवर नुसते टेकवलेले असतील तर पत्र्यांसकट अख्खं छप्पर उठतं. वासा भिंतीतल्या काँक्रीटच्या पट्ट्याला लोखंडी पट्टीने बांधून घ्या. पत्र्यांवर दगड ठेवायची पद्धत सोडून द्या, वादळात तेच दगड शेजाऱ्याच्या घरात जातात. आणि 'हवा खेळती राहावी' म्हणून वाऱ्याच्या बाजूची खिडकी उघडी ठेवू नका. आत शिरलेला वारा छपराला खालून ढकलतो.

मुळशीतल्या गावच्या विहिरीत वादळानंतर गढूळ पाणी उतरलं. टीसीएल (ब्लीचिंग पावडर) किती टाकायचं? (बावधन)

आधी उपसा. गढूळ पाण्यात क्लोरीन गाळावरच खर्ची पडतं. पालापाचोळा काढून, पाणी उपसून, नवं पाणी भरू द्या. मोटर बुडाली असेल तर ती वाळवून तपासल्याशिवाय चालू करू नका, उपशाला दुसरा पंप आणा.

हिशोब सोपा आहे. व्यास गुणिले व्यास गुणिले पाण्याची खोली (सगळं मीटरमध्ये) गुणिले 785, म्हणजे लिटर. 3 मीटर व्यास आणि 4 मीटर पाणी असेल तर सुमारे 28 हजार लिटर. नेहमीचं प्रमाण हजार लिटरला अडीच ग्रॅम, म्हणजे 70 ग्रॅम. पुरानंतर पहिल्या वेळी दुप्पट, 140 ग्रॅम. एका प्लॅस्टिकच्या बादलीत 100 ग्रॅमपेक्षा जास्त घेऊ नका, म्हणजे इथे दोन बादल्या लागतील. थोड्या पाण्यात पावडर कालवा, बादली पाऊण भरा, ढवळा आणि दहा मिनिटं थांबा. तळाला बसतो तो चुना, तो विहिरीत नको. वरचं निवळ पाणी दुसऱ्या बादलीत ओतून ती दोराने विहिरीत सोडा आणि पाण्याखाली वर-खाली हलवा. रात्री करा, म्हणजे सकाळपर्यंत कोणी पाणी भरत नाही. किमान एक तास जायलाच हवा. मग ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाकडून ओटी (पाण्यातलं उरलेलं क्लोरीन दाखवणारी) चाचणी करून घ्या. पाणी पिवळसर झालं, लिटरला 0.5 मिलिग्रॅम क्लोरीन दिसलं, की प्यायला हरकत नाही. रंग आलाच नाही तर बहुधा पिशवी उघडी राहून पावडर मेलेली असते.

सोसायटीतर्फे मदतीचा टेम्पो पाठवतोय. काय भरावं? (सिंहगड रस्ता)

कपडे नकोत. 25 जुलै 2024 ला तुमच्याच सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत पाणी शिरलं होतं, तिथल्या रहिवाशांना विचारा, जुन्या साड्यांचा किती उपयोग झाला असता. जाड ताडपत्री (निळी पातळ दोन दिवसांत चिंध्या होते), नायलॉन दोरी, हूक-वॉशर, सौर कंदील, टीसीएल. निघण्यापूर्वी ताम्हिणी घाट मोकळा आहे का ते विचारून घ्या.

दहा गुंठ्यांच्या वाडीतल्या सुपाऱ्या पडल्या, माड कलले. भरपाई आणि लागवड, दोन्हींबद्दल सांगा. (सहकारनगर)

पंचनाम्याआधी लाकूड हलवू नका. हलवावंच लागलं तर प्रत्येक पडलेल्या झाडाचा फोटो काढा आणि मोजणी लिहून ठेवा. सातबाऱ्यावर नारळ-सुपारीची नोंद आहे का ते आजच बघा. खरी अडचण वेगळीच असते: सातबारा सामायिक, नावं आठ, त्यातली पाच पुण्या-मुंबईत. सगळ्यांची संमतिपत्रं मिळेपर्यंत पैसे अडकतात. मामा-काकांच्या सह्या वादळाची वाट न बघता घेऊन ठेवा. केंद्राच्या 2022-26 च्या निकषात बहुवार्षिक फळपिकांना हेक्टरी 22,500 रुपये होते. दहा गुंठ्यांना ते 2,250 होतात, किमान मदतीच्या अटीमुळे फार तर 2,500, त्यात तोडणीची मजुरीही निघत नाही. कोकणातल्या वाडीला हेक्टरचं माप लावणं चूकच आहे. 'निसर्ग'नंतर झाडागणिक मदतीची मागणी झाली ती यामुळेच.

कललेला माड लगेच तोडू नका. शेंड्याचं सुईचं (अजून न उलगडलेलं) पान ताठ असेल तर बुंध्याला मातीची भर द्या. सुई ओढल्यावर हातात आली आणि घाण वास आला तर तो माड गेला. पडलेले बुंधे पावसाळाभर पडू दिलेत तर गेंड्या भुंगा त्यात अंडी घालतो आणि पुढच्या वर्षी उरलेल्या माडांची पानं पंख्यासारखी कातरलेली दिसतात. ते फोडून वाळवा किंवा जाळा.

सुपारीला सावली लागते, म्हणून उघड्या पडलेल्या वाडीत आधी केळी लावा. रोपं त्यांच्या आडोशाला, 2.7 मीटर अंतरावर. उत्पन्न पाच-सात वर्षांनी, तोवर केळीच हातखर्च भागवते. रोपांसाठी श्रीवर्धनच्या सुपारी संशोधन केंद्राकडे चौकशी करा. जुन्या सुपाऱ्या ज्या उभ्या राहिल्या आहेत, त्यांच्या बुंध्याला नैऋत्येचं ऊन थेट लागून साल भाजते. त्या बाजूला झावळ्या बांधा.