शाळेत शिक्षिका सात, शिक्षक दोन, तरी मुख्याध्यापकाचा प्रभार सरांकडेच का जातो?

तुम्ही विचारलंय की तुमच्या शाळेत प्रभार दरवेळी सरांकडेच जातो आणि यंदा तुम्हाला विचारलं तर तुम्हीच "नको" म्हणून बसलात. मीही दोनदा नको म्हटलं होतं. पुढे सरांची बदली झाली, माझ्यापेक्षा सेवाज्येष्ठ कुणी उरलं नाही, म्हणून गळ्यात पडला.

माझी शाळा शहापूर तालुक्यातली, पहिली ते पाचवी, पट 62. शिक्षण हक्क कायद्यानुसार प्राथमिकला स्वतंत्र मुख्याध्यापक 150 च्या वर पट असेल तर. आमच्यासारख्या शाळेत वर्ग सांभाळूनच प्रभार. मला त्याचा वेगळा रुपयाही मिळाला नाही, हेही सांगून ठेवते.

पहिल्याच आठवड्यात पोषण आहाराची साठा नोंदवही उघडली. मुलामागे रोज 100 ग्रॅम तांदूळ. सगळी हजर असली तर 6 किलो 200 ग्रॅम. वहीतली शिल्लक आणि पोत्यातला तांदूळ, 11 किलोंचा फरक! त्या रात्री ठाण्याला घरी येऊन रडले. दुसऱ्या दिवशी स्वयंपाकाच्या मावशी म्हणाल्या, "बाई, सर वही महिन्याच्या शेवटी एकदम भरायचे. रोज कोण लिहितंय?" चोरी नव्हती, आळस होता. आसपासच्या शाळांवर देखरेख करणाऱ्या केंद्रप्रमुखांना बोलावलं, त्यांच्यासमोर पोती वजन केली, सह्या घेतल्या. तेव्हा प्रभार घ्याल तो मोजून घ्या, कितीही ओळखीचे सर असोत.

पण रडू तांदळाचं नव्हतंच. एकोणीस वर्षं नोकरी करून मी एकदाही रोजमेळ, म्हणजे शाळेच्या रोजच्या जमाखर्चाची वही, लिहिला नव्हता, त्याचं होतं. बँक, पंचायत समिती ही 'बाहेरची' कामं सरांची. रांगोळी, पाहुण्यांचा चहा, गॅदरिंगचे नाच आमचे. आम्हालाही ते सोयीचं होतं, खोटं कशाला बोलू. आसनगावहून संध्याकाळची लोकल पकडायची असायची.

म्हणून प्रभाराची वाट बघू नका. याच महिन्यापासून सरांकडून एक वही मागून घ्या. रोजमेळ सगळ्यात चांगला, कारण भीती तिचीच असते. शाळा व्यवस्थापन समितीच्या सभेचं इतिवृत्तही तुम्हीच लिहा. कायद्याने त्या समितीत किमान 75 टक्के पालक, आणि एकूण सदस्यांत निम्म्या महिला. आमच्या अध्यक्षही एका मुलीची आई होत्या, सभेला मात्र त्यांचे यजमान यायचे. मी सांगितलं, "ताई नाहीत तर सभा उद्या." दोनदा सभा पुढे ढकलली, गावात कुरकूर झाली. तिसऱ्या वेळी त्या आल्या, तासभर गप्प होत्या, आणि उठताना म्हणाल्या, "मुलींच्या संडासात कडी नाही, ती कधी लावणार?" इतकी वर्षं त्या वाटेने जाऊन मलाही ते दिसलं नव्हतं.

घरचं तुमचं तुम्हाला ठाऊक. माझ्याकडे रात्री दहाला 'माहिती तातडीने पाठवा' असा मेसेज आला की भाजी नवरा परतायचा, कुरकुरत.

आता रोजमेळ आमची सगळ्यात नवी शिक्षिका लिहिते. पहिल्या महिन्यात 40 रुपये जुळेनात, तर मधल्या सुट्टीत डबा न खाता पावत्या चाळत बसली. सापडले, खडूच्या खोक्याचे होते.