स्वस्तात समुद्रही, डोंगरही: विशाखापट्टणम-अराकू

भाऊ, समुद्र म्हणजे गोवाच, हे आधी डोक्यातून काढ. डिसेंबरात तिथल्या रूमच्या भाड्यातच खिसा रिकामा होतो. तू विशाखापट्टणम धर. नागपूरवरून समता एक्स्प्रेस रायपूर, टिटलागढ, रायगडा करत थेट पोचवते. स्लीपरचं तिकीट आधी काढ, सोबत तिखट पुऱ्या बांध. एका रात्रीचं हॉटेल वाचलं.

खरी मजा अराकूची, म्हणजे तिथून जवळच्या डोंगरातल्या दरीतल्या गावाची. तिकडे जाणारी किरंदूल पॅसेंजर विशाखापट्टणमहून सकाळी लवकर सुटते. विस्टाडोमच्या (काचेच्या छताच्या डब्याच्या) नादी लागू नको, साध्या डब्यात खिडकी पकड. वाटेत ५० च्या वर बोगदे! अंधार झाला की पूर्ण डबा ओरडतो, उजेड आला की खाली दरी. मी पहिल्यांदा परतीलाही गाडीच धरायचं ठरवलं आणि फलाटावर तास न् तास शेंगा सोलत बसलो. तू येताना बस घे, वाटेतल्या बोर्रा गुहाही तेव्हाच कर. आत चप्पल घसरते, बूट घाल.

शहरात आरके बीचवरची कुरसुरा पाणबुडी बघच, नौदलातून निवृत्त झालेली, आता संग्रहालय आहे. आतले पलंग बघून आपला स्लीपरचा बर्थ ऐसपैस वाटतो. तिथे पोहायला मात्र उतरू नको, पाण्याला ओढ फार. आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर टाळ, वादळांचे दिवस असतात.