फॉन्टन झालेलं हृदय घेऊन परदेशी जाताना

तुम्ही लिहिलंय की लहानपणी फॉन्टन सर्जरी (शिरांमधलं रक्त हृदयाऐवजी थेट फुप्फुसांकडे वळवणारी शस्त्रक्रिया) झालीय, आता नोकरीसाठी देश बदलायचाय, आणि तिकडे आयसीयूची वेळ आलीच तर काय, याचा घोर लागलाय. माझीही फॉन्टनच झालीय आणि बाहेर राहून बरीच वर्षं झाली, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

घर बघण्याआधी हॉस्पिटल बघा. हृदयाचं नुसतं मोठं हॉस्पिटल पुरत नाही, जन्मजात हृदयदोष असलेल्या प्रौढांचं वेगळं केंद्र जवळ हवं. एरवीच्या आयसीयूतले डॉक्टर कितीही हुशार असले तरी त्यांच्यापुढे रोज येतात ते हार्ट अटॅकचे पेशंट. आपल्यात फुप्फुसांकडे रक्त ढकलणारा कप्पाच नाही, शिरांमधलं रक्त स्वतःच्याच दाबाने तिकडे जातं. व्हेंटिलेटरने छातीतला दाब वाढवला की तो प्रवाह कमी होतो आणि बीपी उतरतं. म्हणून दाब लागेल तेवढाच, आणि झेपेल तितक्या लवकर नळी बाहेर. हे ज्यांना रोजचं आहे त्यांच्या हाती पडणं फार महत्त्वाचं. फ्लटरचंही, म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्यांचे ठोके फार वेगाने पडू लागण्याचंही, तसंच. ठोके अचानक वाढून तसेच राहिले तर सकाळपर्यंत थांबू नका.

फेनेस्ट्रेशन, म्हणजे फॉन्टनच्या वाटेत मुद्दाम ठेवलेलं छिद्र, उघडं असेल तर सलाईनमधला हवेचा बुडबुडा मेंदूपर्यंत जाऊ शकतो. नर्स सलाईन जोडायला लागली की मी नळीकडे बोट दाखवून 'हवेचा फिल्टर लावलाय ना?' असं विचारतोच.

एका पानावर सगळं लिहून पासपोर्टसोबत ठेवा: सर्जरी कोणती, कुठल्या वर्षी, कुठल्या शिरा बंद आहेत, औषधांची मूळ नावं, आणि बरे असताना तुमचं ऑक्सिजन किती असतं. तुमचं नेहमीचंच 90 असेल तर ते 98 वर नेण्याची खटपट कुणी करू नये. लहानपणी बीटी शंट (हाताकडे जाणाऱ्या धमनीतून फुप्फुसाकडे रक्त नेणारी जोडणी) झाला असेल तर त्या बाजूच्या हाताचं बीपी कमी दिसू शकतं, तेही लिहा. ताप आला तर अँटिबायोटिकच्या आधी ब्लड कल्चर (रक्तात जंतू आहेत का, ते बघणारी तपासणी) घ्यायला सांगा.

इन्शुरन्समध्ये जुन्या आजाराला प्रतीक्षाकाळ आहे का, ते लेखी घ्या.

आणि मूळ ऑपरेशन नोट आत्ताच मिळवा, एमआरआयची सीडीसुद्धा, नुसता रिपोर्ट नको. तिकडच्या केंद्राला तुमच्या डॉक्टरांकडून निघण्याआधीच पत्र जाऊ दे, कारण पहिली अपॉइंटमेंट लवकर मिळत नाही. तोवर पुरतील एवढी औषधं प्रिस्क्रिप्शनसकट बरोबर घ्या.