डॉक्टर व्हायला पाठवलेली मुलगी कचऱ्याच्या पिशव्या बघत बसते, काय करू?

ताई, नमस्कार.

पत्र मिळालं, दोनदा वाचलं. मुलगी प्रायव्हेट मेडिकल कॉलेजला एमबीबीएसच्या सेकंड इयरला, कॉलेजने पर्यावरण आणि सामाजिक बांधिलकीची कमिटी काढली त्यात ती गेली, आणि आता पोस्टिंग संपलं तरी वॉर्डात थांबते, कुठला कचरा कुठल्या पिशवीत पडतोय ते बघते, सफाईच्या मावशींना समजावून सांगते, रविवारी कॉलेजच्या दत्तक गावात जाते. तुम्ही कर्ज काढून फी भरताय, दीर म्हणाले डॉक्टर करायला पाठवली का झाडू मारायला, तिच्या मैत्रिणी आत्तापासून पीजीच्या, म्हणजे एमबीबीएसनंतरच्या एमडी-एमएसच्या प्रवेशाच्या क्लासला लागल्यात, आणि तुम्हाला रात्री झोप लागत नाही. तुमची काळजी अगदी खरी आहे, उगाच नाहीये.

पण पत्राच्या शेवटी तुम्ही सहज एक गोष्ट लिहिलीये. सुट्टीत घरी आली की ती वडिलांच्या इन्सुलिनच्या सुया कचऱ्याच्या डब्यात टाकू देत नाही, फिनेलच्या रिकाम्या बाटलीत टाकून झाकण घट्ट लावायला लावते, त्यावरून घरात वाद झाला. ताई, मला अख्ख्या पत्रात तीच ओळ सगळ्यात महत्त्वाची वाटली, का ते सांगते.

माझ्या शेजारी एक मावशी राहायच्या, एका हॉस्पिटलात सफाईला होत्या. एक दिवस पिवळी पिशवी उचलताना मांडीला आपटली आणि आतली सुई साडीतून टोचली, सुई पिवळ्या पिशवीत असायलाच नको होती. त्यांनी जागा पाण्याने धुतली आणि काम चालू ठेवलं, घरी आल्यावर रात्री मला सांगितलं. एचआयव्हीसाठीची औषधं ७२ तासांच्या आत सुरू करावी लागतात, जितकी लवकर तितकी चांगली, हे त्यांना कोणी कधी सांगितलंच नव्हतं, आणि हिपॅटायटिस बीची लसही दिलेली नव्हती. सुई कुठल्या पेशंटची हेही कळायला मार्ग नाही. मीच त्यांना रिक्षाने घेऊन गेले. पुढे सहा महिने टेस्ट चालल्या, त्या सहा महिन्यांत त्या नातवाला जवळ घ्यायला घाबरायच्या, त्याचं ताट वेगळं ठेवायच्या, कितीही सांगितलं तरी. शेवटी रिपोर्ट चांगले आले. पण ती सुई चुकीच्या पिशवीत टाकणारा हात कुठल्यातरी शिकलेल्या माणसाचाच होता ना, डॉक्टरचा नाहीतर सिस्टरचा.

तर तुमची मुलगी झाडू मारत नाहीये, तो हात चुकू नये हे बघतीये. २०१६ चे बायोमेडिकल वेस्टचे, म्हणजे हॉस्पिटलच्या कचऱ्याचे नियम आहेत, त्यात पिवळी, लाल, पांढरा, निळा असे रंग ठरलेत. रक्ताने भिजलेला कापूस, बाळंतपणातली वार वगैरे पिवळ्यात, ते जाळायला जातं. सलाईनच्या नळ्या, हातमोजे, सुई काढलेल्या सिरिंज लाल पिशवीत, त्या ऑटोक्लेव्ह करून म्हणजे दाबाच्या वाफेने निर्जंतुक करून, तुकडे करून रिसायकलिंगला जाऊ शकतात. सुया-ब्लेड पांढऱ्या डब्यात, टोचून आरपार जाणार नाही असा, आणि काच निळ्यात. आता लाल पिशवीतलं प्लॅस्टिक आळस म्हणून पिवळ्यात टाकलं की ते भट्टीत जातं, त्यात पीव्हीसी हे क्लोरीनवालं प्लॅस्टिक असेल आणि भट्टी नीट चालत नसेल तर डायॉक्सिनसारखी विषारी द्रव्यं हवेत जातात, आणि ती हवा आजूबाजूचीच माणसं घेतात. कर्मचाऱ्यांना ट्रेनिंग द्यायचं, हिपॅटायटिस बी आणि धनुर्वाताची लस द्यायची, हेही त्याच नियमांत हॉस्पिटलची जबाबदारी म्हणून लिहिलंय. पर्यावरण, सामाजिक बांधिलकी हे मोठे शब्द वॉर्डात उतरतात ते असे, त्या पांढऱ्या डब्यापाशी.

गावाचं विचारलंत. अहो हे काही नवं फॅड नाही, आपल्याकडे वर्ध्याजवळ सेवाग्रामचं मेडिकल कॉलेज १९६९ मध्ये सुशीला नायर यांनी सुरू केलं, त्या गांधीजींच्या डॉक्टर होत्या, आणि कॉलेज काढायच्या आधी केंद्रात आरोग्यमंत्रीही होत्या. तिथे प्रत्येक बॅच एक गाव दत्तक घेते, मुलं पहिल्याच वर्षी तिथे पंधरा दिवस मुक्काम करतात, घरं वाटून घेतात आणि नंतरही जात राहतात. गावकरी ज्वारी देऊन आरोग्य विम्यात सहभागी व्हायचे अशी योजनाही तिथे चालली. आणि आता तर एनएमसीने, म्हणजे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने, कुटुंब दत्तक घेणं सगळ्याच एमबीबीएसच्या मुलांच्या अभ्यासक्रमात घातलंय, म्हणजे तुमची मुलगी रविवारी जाते तो अभ्यासच आहे. वॉर्डात पेशंट आठ दिवस दिसतो. गावात तोच माणूस वर्षानुवर्षं दिसतो, शुगरची गोळी महिन्याच्या शेवटी पैसे संपले की बंद करतो हे त्याच्या घरात बसल्याशिवाय कळत नाही.

आता पीजी. इथे मी तुम्हाला गोड बोलून फसवणार नाही. नीट पीजी या प्रवेश परीक्षेत फक्त मार्क चालतात, कमिटीचं सर्टिफिकेट कोणी विचारत नाही. म्हणून तिला थांबवू नका, पण मर्यादा घालायला सांगा, आठवड्याचे चार-पाच तास ठरवून घ्यायचे, परीक्षेच्या आधी दोन महिने पूर्ण बंद. आणि निवडायला सांगा. तुम्ही लिहिलंय की नॅकची, म्हणजे कॉलेजांना दर्जा देणाऱ्या संस्थेची टीम येणार म्हणून मुलांना बॅनर धरून फोटोला उभं करतात. नॅकच्या निकषांत पर्यावरण आणि मूल्यं येतात, त्यामुळे कॉलेजं ते करतात, पण तिने असल्या फोटोंना सरळ नाही म्हणावं, अभ्यास आहे म्हणून सांगावं, कोणी नापास करत नाही.

त्याऐवजी एकच वॉर्ड धरायचा. एक महिना रोज ठराविक वेळी, टाकताना बघायचं, किती वेळा बरोबर पडलं किती वेळा चुकलं, वहीत लिहायचं. पिशवी उघडून हात अजिबात घालायचा नाही, हे तिला माझ्याकडून ठणकावून सांगा. मग सिस्टर आणि मावशींचं ट्रेनिंग, मग परत एक महिना मोजायचं. एवढ्यावर आयसीएमआर या वैद्यकीय संशोधन परिषदेच्या एसटीएस नावाच्या विद्यार्थ्यांसाठीच्या योजनेला प्रपोजल होऊ शकतं, तो दोन महिन्यांचा छोटा रिसर्च असतो, स्टायपेंड मिळतो, मायक्रोबायोलॉजी किंवा पीएसएमच्या (रोगप्रतिबंध आणि सामाजिक आरोग्याचा विषय) एखाद्या मॅडमना गाईड व्हायला विचारायचं. एथिक्स कमिटीची परवानगी लागते, तेही ती त्यात शिकेल.

पुढे काय, तर यातूनच पीएसएमचं एमडी आहे, मायक्रोबायोलॉजी घेऊन इन्फेक्शन कंट्रोल आहे, हॉस्पिटल अॅडमिनिस्ट्रेशन आहे, मुंबईच्या टिसमध्ये (टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस) पब्लिक हेल्थचं मास्टर्स आहे. यात रेडिओलॉजीइतका पैसा नाही, कर्ज आहे म्हणून हे आधीच बोलून घ्या, तिच्यापासून हप्त्याचा आकडा लपवू नका. आणि ती क्लिनिकल ब्रँचला गेली तरी हे वाया जात नाही. अॅनेस्थेशियाचंच घ्या, डेसफ्लुरेन नावाचा भुलीचा गॅस वातावरण तापवायला कार्बन डायऑक्साइडच्या साधारण अडीच हजार पट जोरदार आहे, स्कॉटलंडने २०२३ मध्ये त्याचा वापर बंद केला. कुठला गॅस वापरायचा हे उद्या तीच ठरवणार असेल.

दिरांना काय सांगायचं ते तुमचं तुम्ही बघा, पण मुलीला ते वाक्य तुमच्या तोंडून ऐकू येऊ देऊ नका.

आणि आज रात्री फोन कराल तेव्हा एवढंच विचारा, तुझे हिपॅटायटिस बीचे तिन्ही डोस झालेत का आणि नंतर टायटर, म्हणजे लस लागू पडली का ते सांगणारी रक्ताची तपासणी, बघितलंस का. बरीच मुलं दोन डोस घेतात आणि सहा महिन्यांनीचा तिसरा राहून जातो. राहिला असेल तर याच आठवड्यात घ्यायला सांगा, आणि ती ज्यांना शिकवतीये त्या मावशींचे झालेत का हेही तिला विचारा.