ऊन खायचं की ऊन लागेल?

प्रिय सोनू,

काल फोनवर आजी म्हणाली, "सकाळचं जरा ऊन खात जा." आणि लगेच पुढे, "दुपारची हिंडू नकोस गं, ऊन लागेल." फोन ठेवल्यावर तू विचारलंस, "ऊन खातात कसं? आणि लागतं म्हणजे काय, दगडासारखं?" तेव्हा मी घाईत होते, म्हणून आता लिहिते.

ऊन खाणं म्हणजे निवांत बसून ते अंगावर घेणं. पण शब्द किती चपखल आहे बघ! उन्हातल्या अतिनील किरणांनी आपली त्वचा ड जीवनसत्त्व बनवते, आणि ते असेल तरच पोटात गेलेलं कॅल्शियम शरीराला नीट घेता येतं. (आजीला सांगू नकोस, पण अगदी कोवळ्या उन्हात हे किरण फार कमी असतात. सूर्य जरा वर यावा लागतो.) आपली मनी खिडकीतल्या उन्हाच्या तुकड्यामागे दिवसभर सरकत असते ना, तिथे तू बसलीस तर ऊब मिळेल, ड जीवनसत्त्व नाही. ते किरण काच अडवते.

ऊन लागणं वेगळं. घाम गाळूनही अंग थंड होईना की ताप ४० अंशांच्या वर जातो, माणूस असंबद्ध बोलायला लागतो. तेव्हा अंग ताबडतोब गार करायचं आणि डॉक्टर गाठायचा.

तुझं नाक मात्र उष्णतेने सोललं नव्हतं. त्या दिवशी चांगला गार वारा होता, आठवतं? अतिनील किरण जाणवत नाहीत, त्वचा लाल होते ती काही तासांनी. म्हणून सावलीकडे बघायचं: ती तुझ्यापेक्षा आखूड झाली की टोपी घालायची.

आणि तुझ्या सूर्यफुलाचं काय झालं ते आता कळलं असेल. झाडं तर उन्हावरच अन्न बनवतात, मग पानं पांढरी, कागदासारखी का झाली? खिडकीत वाढलेलं रोप तू एकदम भर दुपारी बाहेर ठेवलंस. कोवळ्या पानाला आधी कोवळंच ऊन द्यायचं होतं. ती पानं पुन्हा हिरवी होणार नाहीत. पण मधला कोंब शाबूत आहे. कुंडी मी सावलीत ओढली आहे, उद्यापासून रोज थोडा थोडा वेळ बाहेर ठेवू.

तुझी,
आई