पडद्यामागचे पाणी आणि ग्रोमेट

प्रश्न : माझा मुलगा पाच वर्षांचा आहे. पावसाळ्यातल्या सर्दीनंतर तो हाक मारली तरी ओ देत नाही. कान मात्र दुखत नाही. तज्ज्ञांनी पडद्यामागे पाणी असल्याचे सांगून तीन महिन्यांनी बोलावले आहे आणि तेव्हाही पाणी राहिल्यास ग्रोमेट (कानाच्या पडद्यात बसवायची चिमुकली नळी) सुचवले आहे. औषधाने पाणी सुकणार नाही का? सासूबाई कानात कोमट तेल घालायला सांगतात. ते घालावे का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : हे पाणी आंघोळीचे नव्हे, आतच पाझरलेले असते. नाकाच्या मागच्या भागातून मध्यकर्णाकडे जाणारी बारीक नळी आवंढा गिळताना क्षणभर उघडते आणि पडद्यामागे हवा पोहोचवते. लहान मुलांत ती आखूड व बरीचशी आडवी असते. सर्दीने किंवा वाढलेल्या अ‍ॅडिनॉइडमुळे (नाकाच्या मागच्या भागातल्या मऊ गाठींमुळे) ती नीट उघडेनाशी झाली, की आतली हवा शोषली जाऊन दाब घटतो आणि अस्तरातून पाझरलेला द्रव साचून चिकट होतो. तेल पडद्याच्या अलीकडेच राहते, म्हणून ते घालू नये. अँटिबायोटिक किंवा सर्दीच्या गोळ्यांनीही हे पाणी हटत नाही, त्यामुळे ती न देणाऱ्या तुमच्या डॉक्टरांचा सल्ला मला योग्य वाटतो.

बऱ्याच मुलांत तीन महिन्यांच्या आत पाणी आपोआप ओसरते. तेवढ्या काळात शाळेत त्याला पहिल्या बाकावर बसवायला सांगा, समोर जाऊन बोला, घरात कोणी धूम्रपान करू नये आणि ‘मुद्दाम ऐकत नाही’ म्हणून त्याला कोणीही रागावू नये, कारण त्याला खरोखरच कमी ऐकू येत असते.

पुढच्या भेटीत श्रवणचाचणी आणि टिम्पॅनोमेट्री (कानातला दाब बदलून पडदा किती हलतो ते मोजणारी तपासणी) अवश्य करून घ्या. टिम्पॅनोमेट्रीच्या आलेखात निरोगी कानाचे शिखर उमटते, तर पाणी असल्यास रेषा सपाट येते. दोन्ही कानांत पाणी टिकून ऐकणे कमीच राहिले, तर ग्रोमेटला घाबरू नका. पूर्ण भूल देऊन, सूक्ष्मदर्शकाखाली पडद्याला बारीक छेद घेतात, पाणी ओढून काढतात आणि त्या छेदात चिमुकली नळी बसवतात. बंद पडलेल्या वाटेऐवजी आता हवा तिथून आत जाते. बहुधा सहा ते बारा महिन्यांत ती आपोआप गळून पडते आणि छिद्र सहसा भरून येते. अ‍ॅडिनॉइड मोठे असतील, तर ते त्याच वेळी काढण्याबद्दल विचारून घ्या, कारण या वयात त्याचा फायदा होतो.

बोलणे मागे पडत असेल, उच्चार अस्पष्ट होत असतील किंवा टाळूत जन्मजात फट असेल, तर मात्र तीन महिने न थांबता लगेच तज्ज्ञांना भेटा.